सफरबेक, तुमच्या दिव्याची वात

जो सर्व नादांच्या आधी होता आणि सर्व नाद विरल्यावरही उरतो, त्या परमेश्वराला वंदन. वाणी आणि वीणा या दोघींना जिने सारख्याच मायेने जवळ केले, त्या शारदेला वंदन. आज गुरुवार आहे. सफरबेक, तुमचा दिवा लागून गेल्यानंतरचा हा पहिला गुरुवार. दर गुरुवारी दुपारी ज्या टेबलाशी आपण समोरासमोर बसत असू, त्याच टेबलाशी बसून मी तुम्हाला हे लिहिते आहे.

मराठी तुम्हाला वाचता येत नव्हते, हे मी विसरलेले नाही. पण एकमेकांना धड न येणाऱ्या भाषांतून आपण इतका काळ बोललो, की आता या एका अडचणीपाशी अडून बसणे बरे दिसणार नाही. शिवाय मलिंगारात, ड्रोहेड्यात, डब्लिनमध्ये विखुरलेल्या आमच्या मराठी मंडळींनी तुम्हाला गणपतीच्या कार्यक्रमात एकदाच ऐकले होते. नक्षीची गोल टोपी घातलेले ते ताजिक आजोबा कोण होते आणि गेल्या रविवारी आमच्या शेजारच्या घरी काय घडले, हे त्यांनाही कळावे अशी माझी इच्छा आहे. तुमचे जन्मगाव, तुमचे गुरू, तुम्हाला लाभलेले मानसन्मान यांविषयी मी लिहिणार नाही. ते मला पुरते ठाऊकही नाही. मला ठाऊक आहे तो तुमचा एक घोर. ‘बहनजी, मैंने सबके दिये पर गाया। मेरे दिये पर कौन गाएगा?’

तुमचा रबाब अजून आमच्या हॉट प्रेसमध्ये आहे.

या देशात कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीभोवती बांधलेल्या उबदार कपाटाला हॉट प्रेस. दोरीवर घातलेले वस्त्र जिथे दिवसदिवस ओलेच राहते, तिथे आमचे टॉवेल, चादरी आणि माझे सोवळे याच कपाटात वाळते. तुमचा रबाब तुतीच्या एका ओंडक्यातून कोरलेला, आणि त्याचे पोट बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले. इथल्या दमट हवेने ते कातडे सैल पडे, आणि तार छेडली की दमेकऱ्याने हाक मारावी तसा आवाज निघे. समोरच्या घरातल्या ब्रीडाबाईंनी तुम्हाला उपाय सांगितला: ‘हॉट प्रेसमध्ये ठेवा, इट विल बी ग्रँड.’ ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत छान, ठीक. पण तुमच्या घरमालकाने नवा बॉयलर बसवताना ती टाकीच काढून टाकली होती. म्हणून तुमची मुलगी गुलनोरा, जी माझ्या सुनेबरोबर इथल्या रुग्णालयात काम करते, तुम्हाला घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

तुम्ही टोपी काढलीत, उजवा हात छातीवर ठेवलात आणि खड्या आवाजात म्हणालात, “बहनजी, मैं आपके दर पे आया हूँ। इनकार मत कीजिए।”

मी दोन पावले मागे सरले. गुलनोराचा चेहरा लाल झाला. “माफ करा,” ती इंग्रजीत म्हणाली, “त्यांचं हिंदी सगळं सिनेमातलं आहे. लहानपणी गावातल्या थिएटरात शिकले.”

“पण हवंय काय त्यांना?” मी सुनेला, मृण्मयीला, विचारले.

“कपाटातली एक फळी, आई.”

मी वाद्याकडे पाहिले. सोवळ्याच्या शेजारी बकऱ्याचे कातडे ठेवायचे, हा विचार माझ्या मनाला सहज पेलणारा नव्हता. मी तसे बोलूनही दाखवले. तेवढ्यात डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या ऑफिसातून नुकताच परतलेला माझा मुलगा निखिल बूट काढता काढता म्हणाला, “आई, देवळातला मृदंग काय पुठ्ठ्याचा असतो?” या प्रश्नाला शास्त्राधार शोधत मी उभी असतानाच त्याने वरची फळी रिकामी केली. तुम्ही मात्र माझे मुद्रावलोकन करून एक गोष्ट ओळखली होती. दुसऱ्या दिवशी रबाबासाठी स्वच्छ पांढऱ्या कापडाची खोळ शिवून आणलीत, आणि सोवळे वाळत असेल त्या दिवशी फळीला हात लावण्यापूर्वी मला विचारण्याचा नेम शेवटपर्यंत पाळलात.

अशा रीतीने तुम्ही रोज येऊ लागलात. खोळ काढायची, कातड्यावर बोटाने टिचकी मारायची, बाजारात खरबूज पारखावे तसा कान लावून ऐकायचे. आवाज नीट आला तर “खूब!” म्हणायचे. हा शब्द तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. हवा, जमीन, दरवाजा, खुर्ची, दप्तर हे सगळे शब्द आपण असेच एकमेकांच्या घरी सापडल्याच्या आनंदाने वापरले. तुमच्या दुधाच्या चहाला तुम्ही ‘शीर-चाय’ म्हणालात तेव्हा मला त्यात आपले क्षीर दिसले आणि मी मोठ्या प्रेमाने पहिला घोट घेतला. त्यात मीठ होते. वर लोणीही होते. तुमच्या चेहऱ्यावरची अपेक्षा पाहून मी तो घोट गिळला, आणि पुढच्या वेळी तुम्हाला आमचा आल्याचा चहा दिला. त्यात तुम्ही माझी नजर चुकवून मीठ घातलेत, तेही मी पाहिले आहे.

मी तेव्हा लाखवातीचा संकल्प केला होता. नातवंडांच्या क्षेमासाठी देवापुढे लाख वाती लावायच्या, त्या स्वहस्ते वळायच्या. इथल्या औषधाच्या दुकानातल्या कापसाला पीळ बसत नाही, म्हणून सांगलीहून येणाऱ्या प्रत्येकाला मी कापूस आणायला सांगे. पहिल्या गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा टेबलावर वळलेल्या वातींची रास होती. तुम्ही दारातच थबकलात, टोपी काढलीत, डोळे मिटून काही पुटपुटलात आणि अतिशय हळू आवाजात विचारलेत, “कौन चला गया, बहनजी?”

“कोणी नाही.”

“इतनी बत्तियाँ...” तुम्ही रास न्याहाळलीत. “पूरा गाँव?”

मृण्मयी हसत हसत खुर्चीवर बसली. तुम्ही मात्र हसला नाहीत. त्या दिवशी प्रथम तुम्ही मला तुमच्या पामीरच्या डोंगरातली रीत सांगितलीत. घरातले माणूस गेले की तिसऱ्या संध्याकाळी दिवा लावायचा. त्याची वात तिथेच, सर्वांसमक्ष वळायची, आणि ती वळली जात असताना रबाबावर ईश्वराचे स्तुतिगीत गायचे. वात आणि गीत बरोबरीने पुरी व्हावीत. मग ती तुपात भिजवून पेटवायची, म्हणजे गेलेल्याला वाट दिसते. हे गीत तुमच्या खोऱ्याचे, त्याची चाल तुमच्या घराण्याची, आणि खोऱ्यातल्या कितीतरी दिव्यांपाशी ती तुम्ही गायला होतात. एरवी दर गुरुवारी उपासना म्हणून तेच गीत गायचा तुमचा शिरस्ता होता. गुरुवार हा आमचाही गुरूचा वार. तुम्ही विचारलेत, “यहाँ बैठूँ?” मी पाट पुढे केला, आणि तुम्ही खुर्चीवर बसलात, कारण गुडघे वाकत नव्हते.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तुमची बोटे तारांवर आणि माझी बोटे कापसावर. मी बोटांना भस्म लावून कापूस ओढीत असे. तुमच्या गीताची सुरुवात फार संथ, दोन लांब ओढी, एक विसावा, मग एक पीळ द्यावा तशी. पुढे एका ठिकाणी लय एकदम उचले, आणि माझ्याही वाती भराभर होऊ लागत. त्या लयीची म्हणून मी कधी नोंद घेतली नाही. माझ्या ओठांवर माझे स्तोत्र असे. तुमच्या शब्दांचा अर्थही मी क्वचितच विचारला.

आता त्या गणपतीच्या कार्यक्रमाविषयी. सभागृहात आरती झाली, मोदक वाटले गेले, आणि सूत्रसंचालन करणारा विद्यार्थी म्हणाला, “आता आपल्याकडे आहेत सफरबेक काका! काका, काहीतरी पेपी होऊन जाऊ दे!” तुम्ही मान लववलीत आणि ‘फलक’ सुरू केलेत. फलक म्हणजे तुमच्या भाषेत आकाश, आणि आकाशाला उद्देशून एकट्याने गायचे गाणेही फलकच. त्याला ताल नसतो. आमच्या मंडळींना वाटले, ही कव्वाली असणार. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. ठेका एकदा चुकला, दोनदा चुकला, एकेक हात थांबत गेला, आणि शेवटी त्या सभागृहात केवळ तुमचा आवाज उरला, उंच, कोरडा, अखेरीस तुटल्यासारखा होणारा. गाणे संपल्यावर टाळ्या कधी वाजवायच्या हे कोणाला कळेना. स्वयंपाकघरात एक विद्यार्थिनी पातेले घासण्याच्या निमित्ताने डोळे पुसत होती. “काही नाही हो काकू,” ती म्हणाली, “एक शब्द कळला नाही. पण आईला फोन करावासा वाटतोय.”

परतीच्या वाटेवर मोटारीत मी तुम्हाला विचारले, गाण्यात काय होते? तुम्ही सांगितलेत: हे आकाशा, तू मला डोंगरात जन्म दिलास आणि डोंगर काढून घेतलेस, हा कुठला न्याय? माझी नात सई, जिला मराठी सगळे कळते आणि बोलताना मात्र मलिंगारचे इंग्रजीच सुचते, मागून म्हणाली, “आजी, वॉज ही गिव्हिंग आउट टू गॉड?” गिव्हिंग आउट म्हणजे इथल्या बोलीत रागावणे, खडसावणे.

मी गंभीरपणे म्हणाले, “मंगलकार्यात असे गाऊ नये. आणि ईश्वराला दोष देणे हे तर कधीच योग्य नाही. जे मिळाले ते प्रसाद म्हणून घ्यावे.”

“बहनजी,” तुम्ही म्हणालात, “आसमान से न लड़ूँ तो किससे लड़ूँ? ब्रीडा से?”

सगळे हसले, पण वाद मिटला नाही. पुढे कितीतरी दिवस तो चालू राहिला. मी शरणागतीची वचने सांगे, तुम्ही ऐकून घेत असा आणि शेवटी म्हणत असा, “आप नौकर की तरह बात करती हैं। मैं बेटे की तरह।” या वाक्याचे उत्तर मी शोधत राहिले.

दुसरा वाद याहून नाजूक होता. तो गुलनोराविषयी होता.

“मेरे दिये पर कौन गाएगा?” असे तुम्ही म्हणालात की मी म्हणे, “गुलनोराला शिकवा.”

“वो नहीं चाहती।”

“तुम्ही विचारलंत तिला?”

“उसने मुझसे पूछा?”

तिने विचारले होते, सफरबेक. ते तिने मला आमच्या स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता सांगितले. लहान असताना तिने रबाब मांडीवर घेतला, तेव्हा तुम्ही तो हळूच काढून घेतलात आणि म्हणालात, मुलींसाठी डफ आहे, हा मुलग्यांचा. “ते रागावले नव्हते, अम्मा,” ती म्हणाली. तुमच्या भाषेत आत्येला अम्मा म्हणतात; तुम्ही मला बहीण मानल्यावर तिने हे नाते आपणहून जोडले होते. “रागावले असते तर मी भांडले असते. ते हसले. मग मी पुन्हा कधी विचारलं नाही.” तुम्हाला मुलगा झाला नाही, हे तिने सांगितले नाही. ते मला ठाऊक होते.

त्या गुरुवारी मी तुम्हाला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांनी मला व्याकरण शिकवले, काव्य शिकवले, स्तोत्रे पाठ करून घेतली. पण पहाटे ओसरीवर भावांचे वेदपठण सुरू झाले की मला आत जावे लागे. त्यांच्याविषयी माझ्या मनात कधीही कटुता नव्हती, आजही नाही. त्यांनी त्यांची रीत पाळली. मी दाराच्या आत धान्य निवडत बसे, आणि ऐकत असे.

तुम्ही रबाब खाली ठेवलात. “तो? आता है आपको?”

“येतं.”

“बोलती नहीं?”

“नाही.”

तुम्ही बराच वेळ तारांवरून अंगठा फिरवत राहिलात, आवाज न करता. मग म्हणालात, “चाय में नमक कम है,” आणि विषय बदललात.

परंतु त्यानंतर एक गोष्ट बदलली. ती तुम्ही कधी मान्य केली नसती. म्हणून तुम्ही असताना मी बोलले नाही. कामावरून सुटून गुलनोरा तुम्हाला न्यायला येई, तेव्हा गीत निम्म्यावर आलेले असे, नेमकी लय उचलते त्या जागी. पूर्वी तुम्ही बेल वाजली की गाणे आवरते घेत असा. आता बेल वाजली की तुमचा आवाज उंचावू लागला. एकेक ओळ तुम्ही पुन्हा घेऊ लागलात, अवघड जागा सोडवून दाखवाव्यात तशी सावकाश. गुलनोरा दारात उभी राही, अंगात कोट तसाच, हातात गाडीची किल्ली. “आत ये, बस,” मी म्हणे. “नको अम्मा, निघायचंच आहे,” ती म्हणे, आणि गीत पूर्ण होईपर्यंत हलत नसे. तुम्ही तिच्याकडे पाहत नव्हता, ती तुमच्याकडे पाहत नव्हती. मी माझ्या वाती वळत होते, आणि मनात दोघांच्याही हट्टाला हात जोडत होते.

एकदा तरी तुम्ही तिला बोलवाल, किंवा तीच किल्ली टेबलावर ठेवून बसेल, अशी मी वाट पाहत राहिले. परक्या घरातल्या बापलेकींच्या मध्ये बोलू नये, ही माझी रीत. आणि मग गेल्या शुक्रवारी सकाळी, न्याहारीची वाटी समोर असताना, तुम्ही खुर्चीतच मान टाकलीत. आदल्याच दिवशी तुम्ही कातड्यावर टिचकी मारून “खूब!” म्हणाला होतात.

दफन त्याच दिवशी उरकले. ओल्या गवतावर निखिलने आणि शेजाऱ्यांनी खांदा दिला. नंतर घरी माणसे येत राहिली. या गावाची ती पद्धत मला फार आवडते. प्रत्येक जण गुलनोराचा हात हातात घेई, “सॉरी फॉर युअर ट्रबल” एवढेच म्हणे आणि चहा घेऊन बसे. ब्रीडाबाईंनी सँडविचेसचे मोठे ताट आणले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुमच्यासाठी वेगळी केलीत हो, मांस नाही, फक्त अंडं.” मी आभार मानले आणि ती सईला दिली.

रविवारी संध्याकाळी तुमचा दिवा होता. जूनमधली इथली संध्याकाळ संपता संपत नाही. खिडकीत लख्ख उजेड होता. तुमच्या पंथाचे एक ज्येष्ठ गृहस्थ, आपले पुरोहितच म्हणा, डब्लिनहून आले होते. जमिनीवर पांढरी चादर, तुपाचे भांडे, मधे दिव्याचा धातूचा पेला. निखिलने आमच्या हॉट प्रेसमधून रबाब आणून भिंतीशी टेकवून ठेवला होता. प्रार्थना झाली. मग ते गृहस्थ गुलनोराकडे वळून म्हणाले, आणि मृण्मयीने विचारून घेऊन मला सांगितले, की गीताचे शब्द त्यांना येतात, पण चाल येत नाही. ते शहरात वाढलेले. ती चाल यांच्या घराण्याची आहे, ती घराने गायला हवी.

गुलनोराने भिंतीशी टेकलेल्या रबाबाकडे पाहिले.

“त्यांचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, गणपतीतला,” निखिल हळूच म्हणाला.

“ते हे गाणं नाही,” गुलनोरा म्हणाली. “आणि फोन नको. बाबांच्या दिव्याला फोन नको.” तिने ओठ दाबून धरले. मग माझ्याकडे पाहिले. “अम्मा, मला शेवट येतो. सुरुवात येत नाही. मी नेहमी उशिराच पोचले.”

सफरबेक, तुम्हाला ज्याची भीती वाटत होती, तो क्षण हाच होता. घर भरलेले होते, शब्द जाणणारा होता, शेवट जाणणारी होती, आणि तरीही तुमचा दिवा मुकाट्याने लागणार होता.

त्या गृहस्थांनी वातीचा कापूस पुढे घेतला. तो औषधाच्या दुकानातला होता. त्यांनी पीळ दिला, तो तुटला. पुन्हा दिला, पुन्हा तुटला. माझ्यासारख्या बाईला हे पाहवेना. मी सईला म्हणाले, “जा, माझा कापूस आण. आणि भस्माची डबी.” मग त्या गृहस्थांना विचारले, “माझ्या हातची वात चालेल?”

त्यांनी गुलनोराला काही विचारले. तिने उत्तर दिले. ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “ते तुम्हाला बहीण म्हणत होते ना? मग तुम्ही घरच्याच.”

मी जमिनीवर बसले. बोटांना भस्म लावले, कापूस ओढला. तुमचे गीत मला येत नाही. गाण्याचा गळाही मला नाही. पण कापूस हाती आला आणि बोटे आपोआप त्या चालीत पडली. दोन लांब ओढी, एक विसावा, एक पीळ. दोन लांब ओढी, एक विसावा, एक पीळ. गुलनोरा माझ्या हातांकडे पाहत होती. तिने भिंतीशी टेकलेला रबाब उचलला, मांडीवर घेतला, या वेळी तो कोणी काढून घेतला नाही, आणि माझा पीळ पडेल त्या जागी तिने एक मोकळी तार छेडली. ते गृहस्थ क्षणभर ऐकत राहिले. मग त्यांनी त्या तारेवर शब्द ठेवायला सुरुवात केली, गाऊन नव्हे, नुसते म्हणून. पण लय तुमची होती. वात लांबत चालली. आणि बोटे जिथे भराभर चालू लागतात तिथे ती तशी चालू लागली, जिथे दर गुरुवारी आमची बेल वाजत असे तिथे, आणि गुलनोराने तोंड उघडले.

तिचा आवाज तुमच्यासारखा नाही. तो खाली आहे, भरलेला आहे. पण तुम्ही ज्या ओळी पुन्हा पुन्हा घेत होता, त्या तिने तशाच घेतल्या, प्रत्येक अवघड जागा सोडवून. ते गृहस्थ शब्द म्हणायचे थांबले. त्यांची आता गरज नव्हती. दारात ब्रीडाबाई किटली घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. गीत संपले तेव्हा माझ्या हाती वात थोडी उरली होती. गुलनोराने शेवटची ओळ आणखी एकदा घेतली, मी उरलेला पीळ घातला, आणि वात तुपात बुडवली. दिवा लागला. “फेअर प्ले टू यू, गुलनोरा,” ब्रीडाबाईंनी इथल्या बोलीत शाबासकी दिली आणि क्रूसाची खूण केली.

संध्याकाळचे जेवण तुमच्या रीतीप्रमाणे मटणाचे होते. मी वाटीभर दूध घेतले. त्यात मीठ नव्हते, हे मला चुकल्यासारखे वाटले.

घरी येऊन मी देवापुढे बसले. रोजचे स्तोत्र ओठांवर येईना. आणि मग, आयुष्यात प्रथम, मी देवाला विचारले: एवढीच गोष्ट पाहायची होती त्या माणसाला, तीन दिवस आधी दाखवली असतीस तर तुझे काय बिघडले असते? गुरुवारी एकदा, फक्त एकदा, तिच्या हातातली किल्ली टेबलावर ठेवायला लावली असतीस तर? तू सर्वज्ञ आहेस म्हणतात. मग तुला हे कळू नये? मी मोठ्याने बोलत आहे, हे मला कळले नव्हते. पाठीमागे सई उभी होती.

“आजी, आर यू गिव्हिंग आउट टू गॉड?”

“हो,” मी म्हणाले.

ती माझ्या शेजारी बसली. “ग्रँड,” ती म्हणाली.

तुमच्या त्या वाक्याचे उत्तर मला त्या रात्री मिळाले, सफरबेक, आणि ते तुमच्याच बाजूचे निघाले. आमच्या अलंकारशास्त्रात निंदेच्या मिषाने केलेल्या स्तुतीला व्याजस्तुती म्हणतात. आमच्या मराठी संतांनी तर देवाला चोर म्हटले, लबाड म्हटले, त्याच्या दारात धरणे धरले. शिक्षिका असताना हे सारे मी वर्गावर शिकवले होते, उदाहरणांसह. पण मोटारीत तुम्ही बोललात तेव्हा ते माझ्या मनात आले नाही. आले असते तर आपला वाद त्याच दिवशी मिटला असता, आणि मग इतके दिवस आपण कशावर बोललो असतो, कोण जाणे. आज एवढेच म्हणते: तुम्ही लेकरासारखे बोलत होतात, ते योग्य होते. मी दासीसारखी बोलत होते, तेही चुकीचे नव्हते. आता दोन्हीही मला येते.

इथपर्यंत लिहून झाले होते, आणि बेल वाजली.

गुलनोरा होती. आज रजा घेऊन लवकर आली होती, दुपारीच. तिने आत येऊन कोट काढला, खुंटीवर अडकवला, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मला न विचारता जिना चढून गेली, मग वरून हाक आली, “अम्मा, सोवळं आहे का आत?”

“नाही, घे.”

ती रबाब घेऊन खाली आली. खोळ काढली, कातड्यावर बोटाने टिचकी मारली, कान लावला. मान हलवली. मग तुमच्या खुर्चीवर बसली. डब्लिनच्या त्या गृहस्थांनी सुरुवातीचे शब्द तिला सांगून पाठवले होते; ते ती दोन दिवस रुग्णालयाच्या मार्गिकांतून पुटपुटत हिंडते आहे, असे मृण्मयी म्हणालीच होती.

“कुठून घेऊ या?” तिने विचारले.

“सुरुवातीपासून,” मी म्हणाले, आणि भस्माची डबी उघडली.

हा मजकूर आता इथेच ठेवते, सफरबेक. हात मोकळे करायला हवेत. ज्या कोणा वाचकाच्या हाती हे पडेल, त्याच्या घरी सांजवात कधी चुकू नये. त्या घरातल्या लेकींना जे शिकायचे असेल ते समोर बसून शिकता यावे, दारात उभे राहून नव्हे. त्यांच्या वडीलधाऱ्यांचा कंठ दीर्घकाळ निकोप राहो, त्यांच्या देवाने त्यांची स्तुतीही ऐकावी आणि गाऱ्हाणीही, आणि वेळ येईल तेव्हा प्रत्येकाच्या दिव्यापाशी त्याच्या घरचा सूर असो. शुभं भवतु.